बुंदीसाठी आडोसा

लेपर्ड गेको, म्हणजे घरात पाळतात ती ठिपक्यांची पाल, हा वाळवंटातला प्राणी आहे, असं दुकानांत अजूनही सांगतात आणि पिवळ्याधमक वाळूची पिशवी सोबत हातात देतात. हा खरा दगडधोंड्यांतला जीव. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने १८५४ साली या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. नमुना होता पंजाबातल्या सॉल्ट रेंजचा, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगररांगांचा. तिथे, आणि पुढे अफगाणिस्तानापर्यंत, त्याचा मुलूख म्हणजे उघडेबोडके डोंगर, कडक बसलेली माती, तिच्यावर पसरलेले दगड, मधूनच काटेरी झुडपं. उन्हाळा भाजून काढणारा, हिवाळा बोचरा. दिवस कपारीत घालवायचा आणि तिन्हीसांजेला बाहेर पडायचं, हा त्याचा शिरस्ता.

आमच्या लेपर्ड गेकोचं, बुंदीचं, घर मांडताना मी सतत त्या डोंगरउताराचा विचार करत होते. तो मी कधी पाहिलेला नाही. बुंदीनेही नाही. तिच्या कित्येक पिढ्या माणसांच्या घरातच जन्मल्या. पण तिचं शरीर मात्र त्या उतारासाठी घडलेलं आहे आणि तिच्यासाठी काय सुरक्षित, काय धोक्याचं, हे ते शरीर ठरवतं.

आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला राहतो. लेकीला प्राणी हवा होता आणि तिला कुत्र्या-मांजरांच्या केसांची ॲलर्जी आहे. इथे लेपर्ड गेको सर्रास पाळतात. ते विकत स्वस्त मिळतात, जगतात मात्र पंधरा-वीस वर्षं, त्यामुळे कुणाचा उत्साह ओसरला, कुणी घर बदललं, की असे गेको प्राण्यांच्या आश्रयकेंद्रांत येऊन पडतात. आम्ही तिथूनच एक मोठी मादी आणायचं ठरवलं. अंगभर पिवळ्यावर काळे ठिपके, म्हणून लेकीने फोटो बघूनच नाव ठेवलं, बुंदी.

केंद्रातल्या बाईंनी एक अट घातली. आधी घर मांडा, ते रिकामंच चालवा, तपमानाच्या नोंदी मला पाठवा, मग गेको न्या. मला ती अट फार आवडली. इथल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात पाळणाऱ्यावर पाच गोष्टींची जबाबदारी टाकलेली आहे: योग्य निवारा, योग्य अन्न, स्वाभाविक वागण्याची मोकळीक, जातीनुसार सोबत किंवा एकांत, आणि दुखण्या-खुपण्यापासून संरक्षण. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकायलाच बंदी आहे. म्हणजे हट्ट मुलांचा असला तरी कागदावर आणि खरोखरही जबाबदारी मोठ्यांचीच.

गावाकडे आईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता. मग, “अगं, पाल? पैसे मोजून?”

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे पाल चुकचुकली तरी बोलणारा थांबतो. अंगावर कुठे पडली तर काय फळ, याचा तक्ता पंचांगात असतो. मी स्वतः ट्यूबलाइटमागच्या पालीला बघून स्वयंपाकघराच्या दारातच थबकायचे. पण गेको समोर धरून नीट पाहिला की कळतं, हा भिंतीवरचा प्राणीच नाही. याच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, साधी नखं आहेत, त्यामुळे काच चढता येत नाही. आणि याला पापण्या आहेत. आपल्या घरातल्या पालीला त्या नसतात, तिचा डोळा कायम उघडा. बुंदी डोळे मिटून झोपते. आईला व्हिडिओवर मी पहिल्यांदा तेच दाखवलं. ती म्हणाली, “हो गं, मिटलेत की.” आणि आवाज जरा उतरला.

तर घर.

पेटी नव्वद सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद, पंचेचाळीस उंच. लाकडी, पुढे सरकत्या काचा, मागे हवा खेळायला जाळ्या. पूर्वी याच्या निम्म्या टाकीतही गेको ठेवत आणि ठेवलेला गेको मरत नाही, म्हणून ते चालूनही जाई. लांबीचं कारण सोपं आहे. गेकोला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. पचन, प्रतिकारशक्ती, हालचाल, सगळं बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. पोटात अन्न गेलं आणि अंग थंड राहिलं तर ते पचत नाही. म्हणून तिला एकाच ठिकाणी ऊन आणि सावली दोन्ही मिळायला हवी, आणि त्यातलं किती घ्यायचं ते तिला ठरवता यायला हवं. छोट्या टाकीत एक तर सगळं गरम होतं नाहीतर सगळं गार. लांब पेटीत एका टोकाला दगडाचा पृष्ठभाग ३३-३४ अंश आणि दुसऱ्या टोकाला २३-२४ अंश, असा उतार मिळतो.

ऊब कुठून द्यायची, यावर पाळणाऱ्यांमध्ये बरेच वाद आहेत. गेको निशाचर, त्याला पोटाखालून ऊब लागते, म्हणून टाकीखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, हा जुना शिरस्ता. मला वरून दिलेली ऊब जास्त पटते. डोंगरातही उष्णता वरूनच येते, सूर्याकडून, आणि दगड ती धरून ठेवतो. शिवाय हॅलोजनच्या बल्बमधून येणारी अवरक्त किरणं अंगात खोलवर शिरतात, मॅटची ऊब मात्र कातडीपाशीच थांबते. आम्ही हॅलोजन लावला आणि त्याच्या खाली पाटीच्या काळ्या दगडाची लादी ठेवली. बल्ब संध्याकाळी बंद झाल्यावरही ती लादी बराच वेळ कोमट राहते, दिवसभर तापलेल्या अंगणातल्या फरशीसारखी. बुंदी बाहेर पडते ती नेमकी त्याच वेळी आणि पोट टेकून तिच्यावर पसरते.

बल्बभोवती तारेची जाळी हवीच. थंडीत ऊब शोधणारा प्राणी तापलेल्या काचेला जाऊन चिकटतो आणि भाजला तरी वेळेवर बाजूला होत नाही. वीजेवर तापणारे नकली दगड मिळतात, तेही याच कारणाने घरात आणू नयेत. लाल किंवा निळे ‘रात्रीचे’ बल्बही नकोत. अंधार म्हणजे अंधार. तिला तो हवा असतो. रात्री पेटीचं तपमान विशीच्या आसपास उतरलं तरी काही बिघडत नाही, डोंगरातही उतरतंच.

या सगळ्यात माझ्या मते एकच वस्तू अशी आहे की ती नसेल तर गेको आणूच नये. थर्मोस्टॅट, म्हणजे तपमान ठरावीक राखणारं उपकरण. हॅलोजनसाठी प्रकाश कमी-जास्त करणारा डिमिंग थर्मोस्टॅट लागतो. त्याची एक तार, टोकाला छोटा संवेदक, जिथलं तपमान सांभाळायचं तिथे बसवायची. यातली मेख अशी की थर्मोस्टॅटला फक्त त्या टोकाचं कळतं. तार सुटून गार कोपऱ्यात पडली तर त्याला वाटतं सगळीकडे गारठा आहे, आणि तो बल्ब वाढवत राहतो. इकडे लादी पंचेचाळिसाच्या पुढे गेलेली असते. म्हणून तार क्लिपने पक्की बसवली, गेकोच्या अंगाखाली-पायाखाली येणार नाही अशी. आणि वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवला, एकाची साक्ष दुसऱ्याने तपासायला.

रिकामं घर चालवण्याचे ते दिवस मला अजून आठवतात. लेक शाळेतून आली की पिस्तुलासारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन बसायची. लाल ठिपका लादीवर, मग बोगद्याच्या तोंडाशी, मग पाण्याच्या वाटीजवळ. वहीत आकडे. लादी ३६ दाखवायला लागली तर बल्ब एक बोट वर. उबदार बिळाच्या आतलं तपमान ३२ च्या आसपास स्थिर व्हायला वेळ लागला, कारण बाहेर पाऊस पडला की घरच गार व्हायचं. कुणीच राहत नसलेल्या त्या घराची इतकी काळजी घेताना लेकीला कंटाळा येईल, अशी मला भीती होती. उलट झालं. प्राणी यायच्या आधीच ती त्याच्या बाजूने विचार करायला लागली. “आई, इथून तिथे जाताना तिला मध्ये लपायला काहीच नाहीये,” असं ती एकदा म्हणाली. मी पाहिलं तर खरंच, उबदार आणि गार टोकांच्या मध्ये मोकळं मैदान होतं. मग आम्ही तिथे कॉर्कच्या सालीचे अर्धगोल तुकडे मांडले, एकाला लागून एक. आता तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडोशाआडून जाता येतं.

माझ्या मनात या घराचा अर्थ तेव्हा पक्का झाला. दुकानात टाकी विकतात ती माणसाला प्राणी दिसावा म्हणून, चारी बाजूंनी काच, वरून दिवे, मधोमध एखादं प्लॅस्टिकचं झुडूप. गेकोच्या दृष्टीने ती उघड्यावर टाकलेली जागा आहे. घुबड, साप, कोल्हा या सगळ्यांचा घास होणाऱ्या प्राण्याला ‘सुरक्षित’ याचा अर्थ ‘मी कुणाला दिसत नाही’ एवढाच कळतो. म्हणून त्याच्या घरात निदान तीन बिळं हवीत: एक उबदार टोकाला, एक गार टोकाला आणि तिसरं ओलसर. बिळ एकच असेल आणि तेही गार बाजूला, तर प्राण्याला ऊब किंवा आडोसा यातलं एक निवडावं लागतं. तो आडोसा निवडतो आणि हळूहळू आजारी पडतो. पाळणारे म्हणतात, शांत आहे बिचारा.

ओलसर बिळाचं काम कात टाकताना. पेटीतली हवा एरवी कोरडी, ३०-४० टक्के आर्द्रतेची ठेवायची, पण एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, भरायचं. बुंदीचा रंग दुधाळ, निस्तेज दिसायला लागला की ती तिथे मुक्काम हलवते. एकदा मला सगळं बघायला मिळालं. तिने तोंड दगडाला घासलं, ओठापाशी कात सुटली, मग तिने ती दाताने धरून हातमोजा काढावा तशी पुढच्या पायावरून ओढली आणि गिळून टाकली. मग दुसरा पाय, मग पोट, शेवटी शेपटी. आत नवे ठिपके लख्ख. कात खाणं नैसर्गिकच आहे. आपण नंतर एकच बघायचं, बोटांच्या टोकांवर कातडीचं कडं राहिलंय का. ते सुकून आवळतं, रक्त थांबतं आणि बोट झडतं. तसं कडं दिसलं तर कोमट पाण्याने भिजवलेल्या कापडावर तिला थोडा वेळ उभं करायचं आणि ओल्या कापसाच्या काडीने हलकेच सोडवायचं. ओढाताण नाही.

वाळूचं म्हणाल तर विकतची कॅल्शियम वाळू मी आणली नाही आणि कुणी आणू नये असं मनापासून वाटतं. गेको कॅल्शियमच्या ओढीने ती चाटतो, पोटात तिचे गोळे होऊन आतडं बंद पडू शकतं. नव्या गेकोसाठी सुरुवातीला साधे किचन पेपर सर्वांत बरे. दिसायला काहीच नाही, पण विष्ठा स्पष्ट दिसते, आणि तिच्यावरूनच आतड्यातले परजीवी कळतात. केंद्राने तपासणी केलेली होती, तरी पहिले काही आठवडे आम्ही कागदच ठेवला. नंतर खत न घातलेली बागेची माती आणि धुतलेली वाळू, साधारण सत्तर-तीस, ओली करून दाबून बसवली आणि पूर्ण वाळू दिली. कडक, खणता येण्याजोगी. बुंदीने एक कोपरा शौचासाठी ठरवून टाकला आणि ती तो बदलत नाही, त्यामुळे साफसफाई सोपी. जड दगड मात्र आधी थेट पेटीच्या तळावर टेकवले आणि माती नंतर भरली. मातीवर ठेवलेल्या दगडाखाली ती खणत गेली तर दगड तिच्यावर बसेल.

पेटी कुठे ठेवायची, हेही सुरक्षिततेतच येतं. खिडकीत नको, काचेतून थेट ऊन आलं तर आतलं तपमान कुठल्या कुठे जातं. आपल्या घरांत आणखी दोन जागा टाळायच्या: स्वयंपाकघर आणि देवघर. मिरचीच्या फोडणीचा ठसका आपल्याला दोन मिनिटं लागतो, तिला त्या पेटीतून बाहेर पळता येत नाही. उदबत्ती आणि धूपाचंही तसंच. आमच्याकडे देव बैठकीच्या खोलीत आहेत, म्हणून पेटी जिन्याखालच्या कोनाड्याशेजारी, भिंतीला पाठ लावून, जिथे येणंजाणं कमी.

प्रकाशाचं एक वाक्यात सांगते: दिवसा कमी ताकदीची यूव्हीबी (अतिनील किरणांची) नळी, तिच्याखाली भरपूर सावली, उन्हाळ्यात चौदा तास आणि हिवाळ्यात दहा-अकरा. इथे डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधार पडतो, तेव्हा टायमर नसेल तर गेकोचं वेळापत्रक आपल्यासारखंच कोलमडतं.

बुंदी आली ती कापडी पिशवीत, झाकलेल्या डब्यात. डबा पेटीत ठेवला, झाकण काढलं, काच सरकवून कुलूप लावलं आणि आम्ही बाजूला झालो. पुढे आठवडाभर हात लावायचा नाही, असं घरात ठरलं होतं. पाणी बदलायचं, खाणं ठेवायचं, निघायचं. नव्या जागी गेको कित्येकदा काही दिवस खातच नाही. त्याची शेपटी म्हणजे चरबीचा साठा असतो, ती जाड आहे तोवर घाबरायचं कारण नाही. आणि शेपटीला कधीही धरायचं नाही. जिवाच्या भीतीने तो ती तोडून टाकतो. नवी येते, पण साठा गेलेला असतो आणि आकारही पहिल्यासारखा राहत नाही.

लेकीच्या मैत्रिणी यायच्या, पेटीपुढे उकिडव्या बसायच्या, आणि काहीच दिसायचं नाही. “आहे का ती आत खरंच?” लेक त्यांना शांतपणे सांगायची, “झोपलीये. तिचं घर आहे.” काचेवर टकटक केलेली तिला खपत नसे. बिळाचं छप्पर उचलून दाखव, असा एकीने आग्रह धरला तेव्हा तिने वही पुढे केली आणि तपमानाचे आकडे दाखवले.

मग एका संध्याकाळी बुंदीने रातकिडा पकडला. ती हळूहळू पाय टाकत आली, मान उंच केली, आणि शेपटीचं फक्त टोक थरथरू लागलं. बाकी शरीर दगड. झेप इतकी लहान आणि नेमकी होती की लेकीला ती दिसलीच नाही, फक्त तोंडातून बाहेर राहिलेला पाय दिसला.

आम्ही शाकाहारी. घरात रातकिडे, डुबिया झुरळं आणि अळ्यांचे डबे ठेवणं मला जड जाईल, असं वाटत होतं. त्यावर मी विचार केला आणि निवाडा केला: कीटकभक्षी प्राणी आणायचा तर त्याचं अन्न मनापासून द्यायचं. त्या किड्यांनाही गाजर, पालेभाज्या, कोंडा खाऊ घालायचा, कारण त्यांच्या पोटात जे असेल तेच हिच्या पोटात जाणार. देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरवायची, ठरावीक वारी डी३ आणि जीवनसत्त्वांची. कॅल्शियम कमी पडलं तर हाडं मऊ होतात, जबडा वाकतो, पाय वाकडे होतात, आणि वाकलेलं हाड परत सरळ होत नाही. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत सोडून द्यायचे नाहीत, ते गेकोला कुरतडतात. काजवे चुकूनही नाहीत, ते विषारी ठरतात.

तिला सोबतीण आणावी का, हे आईनेच विचारलं. “एकटीच राहते बिचारी.” मी सांगितलं, आई, हिला सोबत म्हणजे जाच. दोन नर एकत्र ठेवले तर भांडून एकमेकांना फाडतात, दोन माद्यांतही एक दुसरीला उबेवरून आणि खाण्यावरून हुसकत राहते. एकमेकींवर चढून झोपलेल्या दिसतात ते प्रेम नसतं, उबदार जागा एकच असते. आईने यावर बराच विचार केला असावा. दोन दिवसांनी म्हणाली, “एकटं राहणाऱ्याला एकटं राहू द्यावं, हेही खरंच.”

रंगांच्या हौसेबद्दल मात्र मला राग येतो. या प्राण्याचे नाना रंग पैदास करून काढलेत आणि त्यातले काही त्याच्या जिवावर उठले आहेत. ‘एनिग्मा’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या रंगाचे गेको गोल गोल फिरतात, मान वाकडी होते, तोल जातो. ‘लेमन फ्रॉस्ट’ हा लिंबासारखा झळझळीत रंग ज्या जनुकातून येतो त्यातूनच कातडीत गाठी होतात. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी तो दोष स्पिंट१ या जनुकाच्या जागेपाशी नेऊन दाखवला. पेटी कितीही उत्तम मांडली तरी असा आजार बाहेर ठेवता येत नाही. गेको निवडताना रंगाआधी चाल, डोळे आणि शेपटी बघावी.

आणखी एक गोष्ट मला गावाकडच्या वाचकांसाठी लिहायचीच आहे. बुंदीची चुलत भावंडं आपल्या मातीत राहतात. पश्चिम भारतात, गुजरात-महाराष्ट्रात, युब्लेफॅरिस फस्कस आहे. २०१४ मध्ये सातपुड्यातून युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस या नव्या जातीचं वर्णन झालं, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही बाजूंनी ती सापडते. पावसाळ्यात रस्ता ओलांडताना ती दिसते आणि पट्टे-ठिपके बघून, विषारी समजून, काठीने मारली जाते. या गेकोंना विष नसतं, एकालाही. बांधावरच्या दगडांच्या राशीत त्यांचं घर असतं. ती रास हलवू नये, आणि रानातला गेको उचलून तर मुळीच आणू नये. भारतात कुठलाही असा प्राणी पाळायचं मनात असेल तर आधी वनखात्याचे नियम नीट विचारून घ्यावेत.

बुंदी आता हातावर येते, स्वतःहून. लेक तळवा जमिनीवर उपडा न ठेवता उताणा ठेवते आणि वाट बघते. आली तर आली. नंतर साबणाने हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या पाहुण्यांना आम्ही तिला हाताळू देत नाही आणि तिची भांडी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धूत नाही.

येत्या हिवाळ्यात आम्ही भारतात जाणार आहोत. शेजारच्या आजोबांनी तिच्याकडे बघायचं कबूल केलंय, म्हणून पेटीच्या दाराला आतून नाही, बाहेरून, एक कागद चिकटवला आहे. लेकीच्या अक्षरात: पाणी रोज. खाणं एक दिवसाआड, तिने नाही खाल्लं तर किडे काढून घ्या. लादी ३४, गार बाजू २४, फार फरक दिसला तर आधी तारेचं टोक जागेवर आहे का बघा. वीज गेली तर पेटीवर गोधडी, जाळ्या मोकळ्या ठेवून. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर खाली. ती दिसली नाही तर शोधू नका, उबदार बिळाच्या तोंडाशी शेपटी दिसेल.